कीबोर्ड विकू नका, आधी वायर बघा

प्रश्न : सर, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावचा. वय २७. घरची द्राक्षबाग आहे आणि चार वर्षं एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. जत्रा, हळदी, गणपती, मधूनच एखादा भावगीतांचा कार्यक्रम. घरी हेडफोनवर माझा पियानो इतका गोड लागतो की उठावंसं वाटत नाही. स्टेजवर मात्र तोच पियानो पोकळ होतो, लांब विहिरीत कुणी वाजवतंय असा. नुसता घुमा. बासरी तर कधी कधी गायबच. वर सतत घूंऽऽ चालू. गायक म्हणतो, सूर ऐकू येत नाही. साउंडवाला म्हणतो, "तुमचं मशीनच हलकं हाय." मागच्या जत्रेत जनरेटर बदलताना कीबोर्ड बंद पडला. परत चालू झाला तेव्हा ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलायची सोय, शून्यावर आला होता, मी तसाच सुरू झालो आणि गाणं भलत्याच पट्टीत गेलं. लोक हसले. कीबोर्डाचं मागचं सॉकेट ढिलं झाल्यामुळे मी हेडफोनच्या सॉकेटातून साउंड देतो, त्यासाठी चांगली स्टिरिओ केबल घेतली आहे. आता हा कीबोर्ड विकून दीड लाखाचं वर्कस्टेशन, म्हणजे मोठा कीबोर्ड, घ्यायचं म्हणतोय. पतसंस्था कर्ज द्यायला तयार आहे. वडील म्हणतात, तेवढ्यात अर्ध्या बागेचं ठिबक बदलून होईल. कुठलं मॉडेल घेऊ?

उत्तर : कुठलंच घेऊ नका. निदान या हंगामात तरी नको. वडिलांना ठिबक बदलू द्या.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. हेडफोनच्या सॉकेटातून साउंड देतो, त्यासाठी स्टिरिओ केबल घेतली. पियानो पोकळ, बासरी गायब, उरला तो घुमा, ही तिन्ही दुखणी त्या एका केबलची आहेत. दीड लाखाचं यंत्र आणून त्याच्या हेडफोन सॉकेटात हीच केबल खोचलीत तर तेही असंच वाजेल.

कारण नीट समजून घ्या, कारण साउंडवाल्यालाही तेच समजावून सांगावं लागणार आहे. स्टिरिओ पिनेला तीन भाग असतात. टोकावर डावा आवाज, मधल्या कडीवर उजवा, मागे ग्राउंड. आता मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटलाही तीनच भाग असतात, पण त्यांचा अर्थ वेगळा. तिथे टोकावर सरळ सिग्नल यायला हवा आणि कडीवर तोच सिग्नल उलटा. मिक्सर पहिल्यातून दुसरा वजा करतो. वाटेत लाइटच्या वायरीतून वगैरे जो गोंगाट शिरतो तो दोन्ही तारांत सारखाच शिरतो, म्हणून वजाबाकीत तो पुसला जातो. बॅलन्स्ड लाइनची सगळी करामत एवढीच.

तुमच्या केबलीतून मात्र डावा आणि उजवा असे दोन सरळ आवाज जातात आणि मिक्सर इमानदारीत वजाबाकी करतो. बासरी बहुतेक वेळा बरोबर मध्ये ठेवलेली असते, म्हणजे डावीउजवीकडे सारखीच. मिक्सरच्या लेखी तो गोंगाट. गेली. पियानोचा मधला, भरीव भागही दोन्हीकडे सारखा, तोही गेला. शिल्लक काय राहतं? दोन बाजूंना जे वेगवेगळं असतं ते. रिव्हर्ब आणि कोरस, म्हणजे कीबोर्ड टोनवर वरून घालतो तो घुमारा आणि जाडी. तुमचा घुमा तो हाच.

पटत नसेल तर बासरीचा टोन काढा, रिव्हर्ब आणि कोरस शून्यावर आणा आणि त्याच केबलने त्याच मिक्सरला देऊन वाजवा. जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. मग साधी मोनो, म्हणजे एकाच आवाजाची, पी-३८ (पाव इंची पिनेची) केबल घेऊन मागच्या एल/मोनो सॉकेटात धरा. सॉकेट ढिलं आहे, तेव्हा हाताने दाबून धरावं लागेल, पण बासरी परत येईल.

ते ढिलं सॉकेट आधी दुरुस्त करा. बहुतेक वेळा बाहेरचं नट सैल होतं, सॉकेट आत हलत राहतं आणि सर्किटवरचं सोल्डर तडकतं. अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर ते पुन्हा बसवून देतो. फक्त दुकानात समोर थांबा आणि उघडताना आतल्या चपट्या रिबन केबलींचा फोटो काढून ठेवा. दुरुस्ती होईपर्यंत स्टिरिओ पी-३८ मधून दोन मोनो पी-३८ निघणारी वाय केबल वापरा. हेडफोन सॉकेटातून दोन वेगळे चॅनल घ्या आणि दोन्हींचा पॅन, म्हणजे डावीउजवीचं बटण, मध्ये ठेवा. एकच चॅनल मोकळा असेल तर फक्त डावी पिन लावा. हेडफोनच्या भोकात मोनो पिन थेट खोचू नका. ती उजव्या बाजूला ग्राउंडशी शॉर्ट करते. ज्यांच्या कीबोर्डाला मागे फोन्स आणि आउटपुट मिळून एकच सॉकेट आहे, त्यांनाही हीच वाय केबल लागते. घरगुती मॉडेलांत असे बरेच आहेत.

दुसरी गोष्ट, स्टिरिओचा मोह सोडा. जत्रेच्या मैदानात डावीकडे एक बेस-टॉपचा ढीग, उजवीकडे दुसरा, आणि दोन्हींना मिक्सरमधून एकच आवाज. हे मोनोच आहे. खरंखुरं स्टिरिओ मिळालं तरी डावीकडच्या बाकावरच्या आजींना तुमच्या पियानोचे फक्त खर्जातले सूर ऐकू येतील आणि उजवीकडच्यांना फक्त टिपेचे. एल/मोनो मध्ये एकच पिन लावली की कीबोर्ड आतल्या आत दोन्ही बाजू मिसळून देतो. मात्र काही स्टिरिओ पियानो असे मिसळल्यावर पातळ होतात. दोन माइकांनी टिपलेले सूर एकमेकांना खातात. तुमच्या यादीत 'मोनो पियानो' नावाचा टोन असेल तर तो स्टेजवर आणा. हेडफोनवर तो रुक्ष वाटेल, पण पाचशे लोकांत तोच कापत जातो. नसेल तर सगळे पियानो एका स्पीकरवर लावून बघा आणि त्यातला जाड निवडा.

आता तुमची घूंऽऽ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि घूंमध्ये जास्त ऐकू येतो तो तिचा दुप्पट, १०० हर्ट्झ. पांढरी पाचच्या जरासा वरचा सूर आहे हा. म्हणून पांढरी पाच किंवा काळी चारच्या गाण्यात हमिंग जास्त टोचतं. ना धड सुरात, ना धड बाहेर.

ही घूं कुठून येते ते अंदाजाने ठरवू नका, एकेक गोष्ट काढत जा. कीबोर्ड सेलवर चालत असेल तर अॅडॉप्टर काढून सेलवर वाजवा. घूं गेली तर दोष अॅडॉप्टरचा. राहिली तर केबल बदला. राहिलीच तर पिनेच्या धातूला बोट लावून बघा. बोट लावल्यावर कमी होत असेल तर केबलीची जाळी, म्हणजे शील्ड, कुठेतरी तुटली आहे, बहुधा पिनेच्या अगदी तोंडाशी. लॅपटॉपवरून ट्रॅक वाजवत असाल तर त्याचा चार्जर काढा. निम्म्या वेळा सगळं तिथेच शांत होतं. तीन पिनांचा चार्जर आणि मिक्सर दोन्ही आपापल्या वाटेने अर्थला जोडलेले असतात आणि त्या दोन वाटांचं मिळून एक रिंगण तयार होतं. घूं त्यातून निघते.

या रिंगणावर मंडपवाल्यांचा एक आवडता उपाय असतो, अर्थची पिन काढून टाकायची. तेवढं सोडून काहीही करा. मी स्वतः हे केलं होतं, पंचविशीतली गोष्ट. घूं गेली, मी खूश. मग गायिकेने माइकला ओठ लावले आणि किंचाळून मागे सरली. झटका बारीक होता म्हणून ती हसण्यावारी नेऊ शकली. मला अजून तो आवाज आठवला की घाम फुटतो.

त्याऐवजी डीआय बॉक्स घ्या, म्हणजे कीबोर्डाचा साधा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी. दोन ते चार हजारांत पॅसिव्ह, आत ट्रान्सफॉर्मर असलेला मिळतो. कीबोर्डाला पॅसिव्ह पुरतो. अॅक्टिव्ह डीआय गिटारच्या पिकअपसारख्या दुबळ्या सिग्नलसाठी. एका बाजूला तुमची छोटी पी-३८ केबल, दुसऱ्या बाजूला कॅननची, म्हणजे माइकला असते तशी तीन टोकांची, पिन, आणि तिथून पुढे साउंडवाल्याची तीस मीटरची लाइन बॅलन्स्ड. त्यावर ग्राउंड लिफ्टचं एक बटण असतं. रिंगण तोडायचं ते या बटणाने, वीजेची अर्थ जिथल्या तिथे ठेवून. साधी पी-३८ केबल पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नका, आणि ती लाइटच्या वायरीला समांतर टाकू नका. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा.

डीआयला 'थ्रू' नावाचं आणखी एक भोक असतं, ते 'सूर ऐकू येत नाही' या तुमच्या दुसऱ्या दुखण्यावरचं औषध. तिथून एक केबल स्वतःच्या पॉवर्ड, म्हणजे आतच अॅम्प्लिफायर असलेल्या, स्पीकरला न्या. दहा किंवा बारा इंची, वर हॉर्न असलेला. साउंडवाला मॉनिटर देवो न देवो, तुमचा सूर तुम्हाला आणि शेजारच्या गायकाला ऐकू येतो. गिटारचा अॅम्प घेऊ नका, त्याला वरचे सूर काढणारा टॉपच नसतो. आणि डब्यावरच्या वॉटच्या आकड्यांना भुलू नका. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला 'थोडा मोठा' इतकाच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

स्पीकर गुडघ्यांकडे तोंड करून जमिनीवर ठेवतात ती सवय मोडा. कान गुडघ्याला नसतात. खुर्चीवर ठेवा किंवा तिरका टेकवून चेहऱ्याकडे करा, आणि गायकाच्या माइकच्या तोंडासमोर येणार नाही असं बघा. तुम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण स्वतःचं ऐकू न येणारा वादक काय करतो? जोरात मारतो. कीबोर्डाला तुम्ही किती जोरात मारलं ते कळतं. तुम्ही जोर केला की पियानोचा टोन नुसता मोठा होत नाही, तो चिरका होतो. साउंडवाला तुमचा फेडर खाली घेतो, तुम्ही आणखी जोर लावता. निम्मे कीबोर्डवाले 'हलकं मशीन' म्हणून बदनाम होतात ते या झटापटीत.

घरचा गोडवा स्टेजवर का टिकत नाही, याचं एक कारण केबलीत नाही, कानात आहे. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की तो भराभर वर येतो. तुम्ही रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात टोन लावता. खर्ज कमी वाटतो म्हणून बेस वाढवता, थोडं पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा मऊ टोन, मिसळता, रिव्हर्ब सोडता. तोच टोन मैदानात शंभर डेसिबलला लागतो तेव्हा वाढवलेला बेस ढोलक्यावर आणि ऑक्टोपॅडच्या किकवर जाऊन बसतो.

मिरजेत तंबोरा घ्यायला आलेला गवई दुकानात जवारी लावून घेतो आणि घरी गेल्यावर ती पुन्हा चाचपतो. दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. सतारमेकर गल्लीत कुणाला हे वेगळं सांगावं लागत नाही. कीबोर्डवाल्यांना मात्र कंपनीचा टोन म्हणजे दगडावरची रेघ वाटते. एक दुपार काढा. बागेत किंवा शेडवर, जिथे कुणाला त्रास होणार नाही तिथे तो पॉवर्ड स्पीकर स्टेजवर लावता तेवढ्या आवाजात लावा आणि तुमचे नेहमीचे दहा-बारा टोन एकामागून एक वाजवा. सगळ्यांची पातळी एकसारखी करून सेव्ह करा. स्ट्रिंग्जवरून बासरीवर गेलात की लोकांना कान टवकारावे लागू नयेत आणि ब्रासवर गेलात की कान झाकावे लागू नयेत. रिव्हर्ब निम्मं करा. बंद नाट्यगृहात खोली स्वतःचं रिव्हर्ब घालतेच, आणि साउंडवालाही गायकावर घालतो. शंभर हर्ट्झच्या खालचं मिक्सरवर कापायला सांगा. त्यानेही गढूळ वाटलं तर २०० ते ४०० च्या आसपास थोडं कमी. गायकाचे शब्द साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये उमटतात. तुमचं पॅड तिथे चकचकीत असेल तर तुम्ही त्याच्या शब्दांवर बसलात.

आणि डाव्या हाताला आवर घाला. बेस गिटार किंवा बेसची ट्रॅक चालू असताना डाव्या हाताने खर्जात कॉर्ड दाबणं म्हणजे भरलेल्या पिशवीत आणखी एक कांदा. हे टोनचं दुखणंच नव्हे, सवयीचं आहे, आणि यावर कुठलंही वर्कस्टेशन चालत नाही.

भावे नाट्यमंदिरासारख्या ठिकाणी वाजवायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे लावलेला आवाज रात्री माणसं भरल्यावर मवाळ होतो. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे सूर शोषतात. दुपारी किंचित तिखट वाटला तर घाईने कापू नका. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हा ना माइक होता ना मिक्सर. नंतरच्या संगीत नाटकांत ऑर्गनवाला गायकासमोर बसून वाजवायचा तोही बिनवायरीचा. त्याच्या ऑर्गनला हवा कमी पडायची, पण घूं कधी आली नाही. हा माझा हेवा समजा.

वीजेचं मी सगळ्यात गंभीरपणे सांगतोय, कारण तिथे नुसता सूर जात नाही, यंत्रच जातं. जनरेटर आणि लाइन यांच्यात बदल करताना दोन-तीन सेकंद जी खोट येते, तिच्यावर संगणकाला लावतात तो ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. कीबोर्डाला लागतात फार तर दहा-वीस वॉट, म्हणजे जनरेटरवाला डिझेल घालून येईपर्यंत तुमचं गाणं निवांत चालू राहील. त्याच्यावर फक्त कीबोर्ड लावा. कुणी प्रेमाने 'जरा माझा अॅम्प पण लावतो' म्हणाला तर नाही म्हणा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध लहर देत नाही. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या अॅडॉप्टरला ती मानवत नाही, तो गुणगुणतो, तापतो. हलका, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला अॅडॉप्टर असेल तर चिंता नाही.

अॅडॉप्टर बदलायची वेळ आली तर व्होल्टबरोबर पिनेचं चित्रही बघा. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डांना १२ व्होल्ट लागतात आणि आतली पिन पॉझिटिव्ह असते. जुन्या कॅसिओंना ९ व्होल्ट आणि आतली पिन निगेटिव्ह. भोक सारखंच, पिन बसतेही छान, आणि तिथेच घात होतो. चार्जिंगच्या दुकानातला 'सगळ्याला चालतो' वाला अॅडॉप्टर स्टेजवर नेऊ नका.

आणि काहीशे रुपयांचा मल्टिमीटर बॅगेत ठेवा. मंडपाला थ्री फेज येते. कुठेतरी न्यूट्रल ढिला झाला की २३० च्या जागी ३०० आणि ३५० सुद्धा येऊ शकतात. पिन खोचायच्या आधी बोर्डात मीटर घाला. २१० ते २५० च्या बाहेर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर आयोजक कितीही घाई करोत, जोडू नका.

ट्रान्सपोजची फजिती. बंद पडून चालू झाल्यावर बहुतेक कीबोर्डांत तो शून्यावर जातो. यूपीएस आल्यावर तसे प्रसंग कमी होतील, पण पट्टी रजिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे तुमच्या मॉडेलात जी काही मेमरी असेल तिच्यात, टोनसकट सेव्ह करून ठेवा. काळी एकचं बटण वेगळं, काळी चारचं वेगळं. काळी चारसाठी +८ न करता -४ करा, टोनचा पोत कमी बिघडतो. आणि गाण्याआधी डाव्या हाताने एकदा हळूच 'सा' दाबायची सवय लावा. माझ्या मते मात्र काळी एक, काळी चार आणि पांढरी चार एवढ्या तरी पट्ट्या बटणाशिवाय हाताला यायला हव्यात. कीर्तनातला पेटीवाला हे विशीच्या आत शिकतो, आपण चाळिशीतही बटण दाबतो.

पेटी सोबत असेल तर आणखी एक. पेटी बरोबर ४४० हर्ट्झवर, म्हणजे कीबोर्ड ज्या ठरलेल्या सुरावर लावलेला असतो त्यावर, असतेच असं नाही. ती बदलता येत नाही, तुमचा मास्टर ट्यून बदलतो. पेटीवाल्याला एक सूर धरून ठेवायला सांगा, तुम्ही तोच सूर साध्या ऑर्गन टोनवर धरा. दोन्ही मिळून आवाज लाटेसारखा हलत असेल तर फरक आहे. सेकंदाला दोन हेलकावे म्हणजे दोन हर्ट्झचा. हेलकावे थांबेपर्यंत मास्टर ट्यून सरकवा. दोन मिनिटांचं काम, पण ते न केल्यामुळे कितीतरी चांगले भावगीत गायक रात्रभर उगाच बेसूर वाटतात.

हळदीच्या कार्यक्रमात आणि गणपतीत हळद, गुलाल आणि भंडारा कीबोर्डावर येणारच. तुमच्याकडे काही सूर अचानक ठो करून पूर्ण जोरात वाजायला लागले असतील, तर यंत्र बिघडलेलं नाही. प्रत्येक पट्टीखाली रबरात दोन संपर्क असतात. त्या दोन संपर्कांमधल्या वेळेवरून कीबोर्ड तुमचा जोर ओळखतो. एकावर धूळ बसली की त्याचं गणित चुकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर बहुतेक वेळा बरं होतं. वाजवत नसताना वर सुती कापड टाका. हिवाळ्यात मोकळ्या मैदानात मध्यरात्रीनंतर दव पडतं, तेव्हाही.

सस्टेनचा पेडल उलटा वागत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असतील, तर चालू करताना तुमचा पाय पेडलवर होता. बंद करा, पाय काढा, पुन्हा चालू करा. याच्यासाठी मी लोकांना नवा पेडल घेताना बघितलंय.

साउंडवाल्याशी वैर धरू नका. तो दिवसभर खांब उभे करून आलेला असतो आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असल्यामुळे साउंडचेकला त्याच्याकडे पाच मिनिटं असतात. त्याला जाऊन 'माझा आवाज वाढवा' म्हणू नका. आपला व्हॉल्यूम पाऊणवर ठेवा, यादीतला सगळ्यात मोठा टोन दोन्ही हातांनी वाजवा आणि म्हणा, "यावर गेन लावा, याच्यावर मी जाणार नाही." मग रात्रभर खरंच जाऊ नका. तिसऱ्या कार्यक्रमाला तोच तुम्हाला चहा पाजेल.

बेंजो पार्टीबरोबर गाडीवर वाजवत असाल तर कानात फोमचे बोळे घाला. ८५ डेसिबल आठ तास सोसतात असं मानतात. त्याच्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो, आणि गाडीवर बेसच्या पुढ्यात त्याहून कमी आवाज मी तरी ऐकलेला नाही.

तुमच्या 'कुठलं मॉडेल' ला उत्तर देतो, नाहीतर टाळलं म्हणाल. सॉकेटची दुरुस्ती, दोन चांगल्या मोनो केबली, डीआय, यूपीएस, मल्टिमीटर आणि एक बऱ्यापैकी पॉवर्ड स्पीकर हे सगळं साधारण तीस हजारांच्या आतबाहेर बसतं, आणि उद्या कीबोर्ड बदललात तरी यातलं काहीही वाया जात नाही. हे लावून एक पूर्ण हंगाम काढा. त्यानंतरही टोन अपुरे वाटले, तबला-ढोलकीसह भारतीय टोन हवे असतील, तर यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा रोलंडचा एक्सपीएस-१० दुकानात जाऊन ऐका. हेडफोनवर नाही, स्पीकरवर, मोनोत, स्वतःची केबल नेऊन. वर्कस्टेशन ज्याला टोन स्वतः घडवायचे असतात, सिक्वेन्स लिहायचे असतात त्याच्या कामाचं. तुमच्या पत्रात तशी एकही ओळ नाही.

राहिली ती स्टिरिओ केबल. ती फेकू नका, चांगली आहे म्हणता. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून पॉवर्ड स्पीकरला जायला नेमकी तशीच लागते. तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून ठेवा आणि हेडफोनच्या भोकापासून लांब ठेवा.